मोठ्या कॅलिबरच्या शिकारी रिव्हॉल्व्हरसाठी गोळी कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतः काडतुसं भरायला लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा पावडरचा असतो: कोणती घ्यायची, किती घालायची, वेग किती मिळेल. शिकारीच्या रिव्हॉल्व्हरसाठी हा प्रश्न तिसरा यायला हवा. आधी गोळी आपल्या सिलिंडरच्या मापाची हवी. मग ती जनावराच्या शरीरात काय करणार हे पाहायचं. वेग त्यानंतर. खालची उत्तरं साधारण याच विचाराने लिहिली आहेत. इथे 'गोळी' म्हणजे फक्त नळीतून बाहेर जाणारा भाग. केस (धातूचं नळकांडं), प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी), पावडर आणि गोळी मिळून काडतूस. पावडरचं वजन कुठेही दिलेलं नाही, कारण ते गोळीच्या किंवा पावडरच्या उत्पादकाच्या चालू पुस्तिकेतूनच घ्यायचं असतं.

मोठं कॅलिबर म्हणजे कुठून पुढे?

सर्वसाधारणपणे १९६४ च्या .४१ मॅग्नमपासून वर. या घराण्यातलं सगळ्यात जुनं काडतूस १८७३ चं .४५ कोल्ट. .४४ मॅग्नम १९५५ च्या अखेरीला आलं, .४८० रुगर २००१ मध्ये, .५०० स्मिथ अँड वेसन २००३ मध्ये आणि .४६० स्मिथ अँड वेसन २००५ मध्ये. .४५४ कॅसुलवर डिक कॅसुल आणि जॅक फुलमर यांनी १९५०च्या दशकातच काम केलं होतं, पण त्यासाठीचं रिव्हॉल्व्हर फ्रीडम आर्म्सने बाजारात आणेपर्यंत १९८३ उजाडलं.

गोळ्या विकत घेताना मात्र काडतुसाच्या नावावर जाऊ नका. .४४ ची गोळी ०.४२९ ते ०.४३० इंचाची असते. .४५ कोल्ट, .४५४ कॅसुल आणि .४६० या तिघांची ०.४५२ इंचाची. .४८० रुगर आणि .४७५ लाइनबॉ या दोघांना ०.४७५ लागते. .५०० स्मिथ अँड वेसनला ०.५००, पण .५०० लाइनबॉला ०.५१०, नावात दोन्हीकडे पाचशे असलं तरी या गोळ्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

माझ्या रिव्हॉल्व्हरसाठी नेमका व्यास कसा ठरवायचा?

मोजून. दुसरा मार्ग नाही, आणि सगळ्या प्रश्नांमध्ये मला हाच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी केसमधून सुटली की आधी चेंबरच्या पुढच्या अरुंद भागातून, म्हणजे थ्रोटमधून जाते. मग सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट ओलांडते, फोर्सिंग कोनमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या निमुळत्या होत जाणाऱ्या तोंडात शिरते आणि शेवटी रायफलिंगला, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खोबणींना भिडते. नळीत शिरताना गोळीचा व्यास किती असेल ते थ्रोट ठरवतं.

थ्रोट नळीच्या खोबणीपेक्षा अरुंद असेल तर गोळी तिथेच आवळली जाते आणि नळीत सैल पोचते. मग तिच्या कडेने तप्त वायू निसटतो, शिशाची गोळी वितळत-झिजत जाते, नळीत शिशाचा थर बसतो आणि अचूकता ढासळते. काही .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हरांमध्ये थ्रोट ०.४४९ किंवा ०.४५० इंचाचं आणि नळीची खोबणी ०.४५१ ते ०.४५२ अशी उलटी मापं सापडली आहेत. अशा वेळी गोळ्या बदलत बसण्यात अर्थ नसतो. जाणकार बंदूक कारागिराकडून सगळी थ्रोट एकसारखी रीम करून, म्हणजे आतून कापून योग्य मापाची करून घ्यावीत.

मोजण्याआधी हत्यार रिकामं आहे याची खात्री करा आणि सिलिंडर काढून घ्या. मऊ शिशाचा थोडा मोठा तुकडा तेल लावून एकेका थ्रोटमधून ढकला आणि मायक्रोमीटरने मोजा. कॅलिपर या कामाला पुरेसा अचूक नसतो. तसंच नळीचंही माप घ्या. स्मिथ अँड वेसनच्या बहुतेक नळ्यांत पाच खोबणी असतात, त्यामुळे समोरासमोर दोन खोबणी येत नाहीत आणि साधा मायक्रोमीटर फसवतो. तिथे व्ही-ब्लॉक, म्हणजे V आकाराच्या खाचेचा ठोकळा लागतो. पिन गेज (ठरावीक व्यासाच्या अचूक सळया) मिळाले तर थ्रोट मोजणं फारच सोपं होतं.

शिशाची गोळी थ्रोटच्या मापाची घ्यावी. अंगठ्याच्या किंवा पेन्सिलीच्या हलक्या दाबाने ती थ्रोटमधून सरकली पाहिजे. आपोआप खाली पडली तर ती लहान आहे, ठोकावी लागली तर मोठी. आणखी एक जागा तपासा: नळी फ्रेममध्ये जिथे आट्यांनी घट्ट बसवलेली असते, तिथे ती आतून किंचित आवळलेली असू शकते. तुकडा ढकलताना त्या जागी हाताला एकदम अडथळा जाणवतो.

ओतीव शिशाची गोळी चांगली की जॅकेटवाली?

दोन्ही चांगल्या आहेत, कामं वेगळी आहेत. जॅकेटवाली म्हणजे शिशावर तांब्याचं आवरण असलेली. तिच्यातली हॉलो पॉइंट, म्हणजे तोंडाशी पोकळ असलेली गोळी शरीरात फुलते, रुंद जखम करते आणि लवकर थांबते. कठीण ओतीव, चपट्या तोंडाची गोळी जवळपास फुलत नाही. तोंडाच्या रुंदीवर काम करते आणि सरळ आरपार जाते. हलक्या बांध्याच्या हरणाला पहिली योग्य. जिथे जाड हाड फोडून पलीकडच्या फुप्फुसापर्यंत पोचायचं आहे, तिथे दुसरी.

माझा स्वतःचा कल ओतीव गोळीकडे आहे. रिव्हॉल्व्हरचा वेग रायफलीच्या मानाने कमी असतो, आणि अंतर वाढलं की तो आणखी घटतो. फुलण्यासाठी वेगावर अवलंबून असलेल्या गोळीचं वागणं त्या घटीबरोबर बदलतं. रुंद चपटं तोंड मात्र आधीपासूनच रुंद असतं, मग जनावर २० यार्डांवर असो की ७५.

चपट्या तोंडाला एवढं महत्त्व का?

एल्मर कीथ या अमेरिकन शिकारी लेखकाने .४४ साठी आखलेली सेमी-वॉडकटर गोळी, म्हणजे लायमन कंपनीचा ४२९४२१ क्रमांकाचा सुमारे २५० ग्रेनचा (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साचा, आजही वापरात आहे. चपटं नाक, त्यामागे पूर्ण व्यासाचा धारदार खांदा, खोल वंगणाची खाच आणि क्रिंपसाठी, म्हणजे केसची कड गोळीत वळवून बसवण्यासाठी नीट खोबण, अशी तिची रचना. तो धारदार खांदा मांस कापत जातो असं बराच काळ मानलं जायचं. कागदाच्या लक्ष्यावर तो सुबक गोल भोक पाडतो हे खरं आहे. शरीरात मात्र चपटं तोंड ऊतींना आणि द्रवाला इतक्या जोराने बाजूला फेकतं की मागच्या खांद्याला फारसं काही लागतच नाही. काम तोंड करतं.

हे लक्षात आल्यावर पुढच्या रचना तोंड रुंद करण्याच्या दिशेने गेल्या. साचे बनवणाऱ्या एलबीटी कंपनीच्या व्हेरल स्मिथ यांच्या डब्ल्यूएफएन आणि एलएफएन या रचना आज जवळजवळ प्रमाण मानल्या जातात. पहिलीत चपटा भाग फार रुंद आणि नाक आखूड, दुसरीत चपटा भाग थोडा अरुंद आणि नाक लांब.

रुंद तोंडाचा दुसरा फायदा जखमेच्या रुंदीइतकाच मोलाचा आहे: गोळी सरळ जाते. गोल तोंडाची लांब गोळी मांसात शिरल्यावर कलंडते, वळते, भलतीकडून बाहेर पडते किंवा आतच थांबते. चपट्या तोंडाची गोळी नाक पुढे ठेवून चालत राहते. तिरक्या उभ्या असलेल्या मोठ्या जनावराच्या पलीकडच्या खांद्यापर्यंत पोचायचं असेल तर हाच गुण लागतो.

याची किंमतही आहे. फार रुंद तोंडाची गोळी हवेत लवकर मंदावते आणि काही रिव्हॉल्व्हरांमध्ये लांब पल्ल्यावर तिची अचूकता कमी भरते. १०० यार्डांच्या आसपास नेम धरणाऱ्याने एलएफएन पाहावी. ५० यार्डांच्या आत जंगलात फिरणाऱ्याने डब्ल्यूएफएन निःशंक घ्यावी.

वजन किती घ्यावं?

.४४ मॅग्नमला २४० ते २५० ग्रेन हे मूळचं वजन, म्हणजे सुमारे १६ ग्रॅम. जड कामासाठी ३०० ते ३२० ग्रेन. .४५ कोल्टला २५० ते २६० आणि मजबूत रिव्हॉल्व्हरमध्ये ३०० ते ३२५. .४७५ च्या जोडीत ४०० ग्रेनच्या आसपास, .५०० स्मिथ अँड वेसनमध्ये ३५० ते ४४०.

वजन वाढवलं की एकाच वेळी बऱ्याच गोष्टी बदलतात. गोळी लांब होते आणि केसमधली जागा खाते, म्हणून पावडर कमी घालावी लागते. हाताला बसणारा धक्का वाढतो. जड, मंद गोळी नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्यात नळी वर उचलली जाते, आणि फटका नेमापेक्षा वर लागतो. स्थिर साईट असलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे दुरुस्त करायला वावच नसतो. .४४ च्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांच्या नळीत रायफलिंगचा साधारण २० इंचांत एक फेरा असतो, आणि तो ३०० ग्रेनच्या गोळीला पुरतो.

माझ्या मते बहुतेकांनी कॅलिबरच्या नेहमीच्या वजनापासून सुरुवात करावी आणि जनावर खरोखरच जाड हाडांचं असेल तेव्हाच वर जावं. ३२० ग्रेनच्या धक्क्याला घाबरून ट्रिगर झटकणाऱ्यापेक्षा २५० ग्रेन शांतपणे मारणारा चांगला शिकारी असतो.

फार हलकी गोळी या कामाला नकोच. ती खोल जात नाही, आणि तिच्यामागे जळणारी भरपूर पावडर फोर्सिंग कोन आणि फ्रेमच्या वरच्या पट्टीची झीज वाढवते.

ऊर्जेचे आकडे पाहून गोळी निवडता येते का?

नाही. हिशेब करून पाहा. १८० ग्रेनची गोळी १,६०० फूट प्रति सेकंद वेगाने गेली तर ऊर्जा सुमारे १,०२० फूट-पाउंड. ३०० ग्रेनची १,२०० ने गेली तर सुमारे ९६०. कागदावर हलकी गोळी पुढे आहे. पण जड गोळीचा संवेग २५ टक्क्यांनी जास्त आहे, ती लांब आहे, आणि हाड लागल्यावर पुढे जाणारी तीच आहे. ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग येतो, म्हणून हलक्या वेगवान गोळ्या नेहमीच छान दिसतात. काही ठिकाणच्या शिकार नियमांत किमान ऊर्जा दिलेली असते; तेवढी पाळा, त्यापलीकडे त्या आकड्याला डोक्यावर घेऊ नका.

शिसं किती कठीण हवं?

लोक समजतात त्यापेक्षा कमी. शुद्ध शिशाचा ब्रिनेल आकडा, म्हणजे कठीणपणाचं माप, ५ च्या आसपास, गाडीच्या चाकांचा तोल साधायला लावत त्या जुन्या वजनांच्या शिशाचा सुमारे १२, लायमन नंबर २ मिश्रणाचा १५ आणि लायनोटाइपचा, म्हणजे छपाईच्या अक्षरांसाठीच्या मिश्रणाचा २२. लायमन नंबर २ मध्ये ९० टक्के शिसं, ५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनी असतं. लायनोटाइपमध्ये अँटिमनी १२ टक्के.

नळीत शिसं बसलं की माणूस आणखी कठीण गोळी शोधतो, पण दोष बहुतेक वेळा व्यासाचा असतो. मापात बसणारी १२ ते १५ ची गोळी बऱ्याच .४४ रिव्हॉल्व्हरांमध्ये स्वच्छ चालते. मापात सैल असलेली २२ ची गोळी मात्र जास्त घाण करते, कारण ती दाबाखाली पसरून कडेची फट बंद करू शकत नाही. शिकारीच्या दृष्टीनेही फार कठीण नको. लायनोटाइपसारखं अँटिमनीने भरलेलं मिश्रण ठिसूळ असतं आणि मोठ्या हाडावर फुटू शकतं. .४५४ कॅसुलच्या वरच्या दाबाला मात्र कठीण मिश्रण आणि गॅस चेक दोन्ही लागतात.

गॅस चेक म्हणजे काय, तो घ्यावाच का?

गोळीच्या बुडाला बसवलेली तांब्याची छोटी वाटी. ती शिशाच्या बुडाला तप्त वायूपासून वाचवते. सेकंदाला १,२०० फूट वेगापर्यंत नीट मापाच्या साध्या बुडाच्या गोळीला तिची गरज सहसा पडत नाही. १,३००-१,४०० च्या पुढे ती घ्यावी.

हॉलो पॉइंट घ्यायची असेल तर काय पाहावं?

ती गोळी कोणत्या वेगासाठी बनवली आहे ते. एकाच व्यासाच्या दोन गोळ्या पूर्ण वेगळ्या असू शकतात. हॉर्नाडीच्या ०.४५२ इंची एक्सटीपी गोळ्यांमध्ये साधी एक्सटीपी .४५ कोल्टच्या वेगांसाठी आहे आणि एक्सटीपी मॅग .४५४ व .४६० च्या वेगांसाठी. साधी गोळी .४५४ च्या पूर्ण वेगाने सोडली तर ती कातडीच्या थोडं आतच फुटून जाईल आणि जनावर उथळ जखम घेऊन पळेल. उलट मॅग गोळी मंद काडतुसात भरली तर ती फुलणारच नाही. उत्पादक वेगाची मर्यादा छापतात; ती वाचा, आणि तुमचा वेग नळीच्या तोंडाशी किती यापेक्षा जनावराच्या अंतरावर किती उरतो ते धरा.

.४५ एसीपी पिस्तुलाच्या गोळ्या व्यासाने बसतात. त्या भरू का?

शिकारीच्या काडतुसात भरू नका. त्यांना क्रिंपसाठी खोबण नसते आणि जॅकेट कमी वेगासाठी असतं.

क्रिंपच्या खोबणीचा गोळीच्या निवडीशी काय संबंध?

खूप जवळचा. जोरदार धक्क्यात रिव्हॉल्व्हर मागे झटकतं, सिलिंडरमधली बाकीची काडतुसंही मागे ओढली जातात, आणि गोळ्या आपल्या जडपणामुळे जागेवर राहू पाहतात. केसने पकड सोडली तर गोळी पुढे सरकते, सिलिंडरच्या तोंडातून डोकावते आणि सिलिंडर फिरायचं थांबतं. जखमी अस्वल समोर असताना हे होऊ देणं परवडणारं नाही. म्हणून खोल, स्पष्ट क्रिंप-खोबण असलेली गोळीच निवडायची आणि केसची कड तिच्यात घट्ट वळवायची.

पण क्रिंप एकटं पुरत नाही. केसच्या भिंतींनी गोळीला घट्ट धरलेलं असायला हवं. एक्सपांडर (गोळी बसवण्याआधी केसचं तोंड रुंद करणारा दांडा) थोडा जाड असेल तर ही पकड सुटते आणि कितीही क्रिंप करा, उपयोग होत नाही. तपासणी सोपी आहे. सिलिंडर भरा, एका काडतुसाची लांबी आधी मोजून ठेवा, बाकीची सगळी झाडा आणि ते राहिलेलं पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर ते काडतूस शिकारीला नेण्याच्या लायकीचं नाही.

गोळी सिलिंडरपेक्षा लांब तर नाही होणार?

होऊ शकते, विशेषतः लांब नाकाच्या जड गोळ्यांची. सिलिंडरची लांबी रिव्हॉल्व्हरगणिक बदलते. काही रचनांत म्हणूनच दोन खोबणी दिलेल्या असतात; ली कंपनीचा .४४ चा ३१० ग्रेनचा साचा हे त्याचं उदाहरण. खालच्या किंवा वरच्या खोबणीत क्रिंप केल्याने गोळी केसमध्ये किती खोल जाते ते बदलतं आणि दाबही बदलतो, तेव्हा माहिती ज्या खोबणीसाठी दिली असेल तीच वापरा.

त्याच वजनाची दुसरी गोळी त्याच पावडरवर चालेल का?

नाही, आणि इथे घाई करू नका. जॅकेटवाली, ओतीव आणि पूर्ण तांब्याची गोळी वजनाने सारखी असली तरी नळीतलं घर्षण, लांबी आणि केसमधली खोली वेगळी असते. प्रत्येक गोळीसाठी तिचीच छापील माहिती घ्या, आणि सुरुवात तिथल्या किमान प्रमाणापासून करा. एच-११० सारख्या पावडरला मात्र छापलेल्या किमान प्रमाणाखालीही उतरवायचं नसतं.

.४५ कोल्ट भरणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. या काडतुसाची प्रमाण दाबमर्यादा १४,००० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) आहे; .४४ मॅग्नमची ३६,०००, .४५४ कॅसुलची ६५,०००. पुस्तिकांमध्ये .४५ कोल्टसाठी मजबूत आधुनिक रिव्हॉल्व्हरांचं वेगळं पान असतं. त्या पानावरची ३०० ग्रेनची काडतुसं जुन्या धाटणीच्या सिंगल ॲक्शन कोल्टमध्ये गेली तर सिलिंडर फुटू शकतं. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि ती काडतुसं वेगळी ठेवा.

पूर्ण तांब्याच्या गोळ्यांबद्दल काय मत आहे?

चांगलं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीला शिसंविरहित गोळ्याच वापराव्या लागतात. मारलेल्या जनावराच्या अवशेषांतले शिशाचे कण खाऊन कॉन्डोर गिधाडं मरतात, हे त्यामागचं मोठं कारण. तिथे शिकार करणाऱ्याला दुसरा पर्याय नाही, पण इतरांनीही विचार करावा, कारण तेच कण घरी नेलेल्या मांसातही येऊ शकतात. फुटणाऱ्या जॅकेटच्या गोळीत ते जास्त असतात, न फुटणाऱ्या कठीण ओतीव गोळीत फार कमी.

तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. त्यामुळे .४४ मध्ये तांब्याच्या गोळ्या २०० ते २२५ ग्रेनच्या घ्याव्या लागतात. त्या जवळपास सगळं वजन टिकवतात आणि वजनाच्या मानाने खोल जातात.

प्लेटेड गोळ्या?

सरावाला ठीक. तांब्याचा मुलामा पातळ असतो आणि घट्ट क्रिंपने तो कापला जातो. मॅग्नमच्या शिकारी काडतुसात नको.

कोणत्या जनावराला कोणती?

पांढऱ्या शेपटीच्या हरणाला .४४ ची २४० ग्रेन हॉलो पॉइंट किंवा मध्यम कठीण ओतीव चपटी. रानडुकराच्या खांद्यावर चिवट जाड थर असतो, म्हणून तिथे ओतीव चपटी बरी. काळ्या अस्वलाला दोन्ही चालतात, जॅकेटवाली घेतली तर जाड बांधणीची. एल्क आणि मूस या मोठ्या हरणांसाठी जड ओतीव किंवा स्विफ्ट ए-फ्रेमसारखी आतून दुभाजक असलेली. तपकिरी अस्वलासाठी कॅलिबर झेपेल तेवढं मोठं आणि गोळी रुंद तोंडाची, कठीण, जड. अमेरिकेतल्या राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. काही ठिकाणी हरणासाठी फुलणारी गोळीच सक्तीची असते, तेव्हा कठीण ओतीव गोळ्या विकत घेण्याआधी नियम पाहा.

नवीन माणसाने सुरुवात कोणत्या गोळीने करावी?

.४४ मॅग्नम असेल तर थ्रोटच्या मापाची, २५० ग्रेनच्या आसपासची चपट्या तोंडाची ओतीव गोळी, १,१०० ते १,२०० फूट वेगाने. .४५ कोल्टमध्ये २६० ग्रेनच्या आसपासची, १,००० फुटांच्या जवळ. हा वेग आपल्या रिव्हॉल्व्हरला चालणाऱ्या पानावरूनच गाठायचा. या वेगाला धक्का सोसवतो, बहुधा गॅस चेक लागत नाही, आणि योग्य जागी बसली तर गोळी हरणातून आरपार जाते. तीन-चार रचनांच्या थोड्या थोड्या गोळ्या घ्या, शिकारीला जशा स्थितीत बसाल तशा स्थितीतून मारा. थंड, स्वच्छ नळीतून सुटलेली पहिली गोळी कुठे लागते ते प्रत्येक वेळी वेगळं टिपून ठेवा. ती पहिली गोळी ज्या अंतरापर्यंत दर वेळी हाताच्या पंज्याएवढ्या वर्तुळात बसते, तेवढंच तुमचं शिकारीचं अंतर.